डाव्या डोळ्याचं माहेर

श्रीलंकेहून परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी उदगीरच्या मोंढ्यात अजून कुणी ना कुणी हटकतंच. "आप्पा, लंकेला जाऊन आलात म्हणे. सोन्याची वीट आणली का नाही?" मी हसून पुढे जातो. मोंढ्यातल्या माणसाला उभ्याउभ्या सांगून संपेल असं ते नव्हतं. म्हणून म्हटलं, एकदा बैजवार बसून लिहून काढावं.

आधी मी का गेलो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी डाळ मिल आहे. काही वर्षांपूर्वी चाळणीपाशी उभा असताना तुरीचं भुसकट डाव्या डोळ्यात उडालं. डोळा चोळला, धुतला, कुणी सांगितलं म्हणून मध घातला, मेडिकलातून थेंब आणले. डोळा आधी लाल झाला, मग पिकला आणि शेवटी त्यावर पांढरं फूल पडलं. त्या बाजूनं कुणी आलं तर नुसती सावली हलल्यासारखं वाटायचं. हैदराबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बुबुळावरचा काचेसारखा पडदा बदलावा लागेल. तो कारखान्यात होत नाही. कुणीतरी मरताना दिला तरच मिळतो."

नाव लावलं आणि वाट बघत बसलो. एका दुपारी फोन आला, "उद्या या." ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी समोर बोटं धरली आणि मी ती मोजली. नंतर सहज विचारलं, "कुणाचा होता हो डोळा?"

"नाव आम्हालाही माहीत नसतं," डॉक्टर म्हणाले. "श्रीलंकेहून आलाय, एवढं सांगतो. तिथले लोक आपली गरज भागवून बाकीचे डोळे परदेशात पाठवतात."

आमच्या गावातल्या सेवा क्लबात मी शिरलो तो या डोळ्यापायी. नेत्रदानाचं काम माझ्याकडे आलं. यात्रेत, कॉलेजात, मंगल कार्यालयात टेबल मांडून आम्ही लोकांकडून अर्ज भरून घेतो. भरणाऱ्यांची कमी नाही. पण माणूस खरोखर गेला की पुढच्या काही तासांतच डोळे काढावे लागतात, आणि त्या तासांत घरचे लोक रडत असतात, पाहुण्यांना कळवत असतात. डॉक्टरांना कळवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आलं तरी धाडस होत नाही. आमचे लोह्याचे मित्र बालाजीराव एकदा सभेत उठून म्हणाले होते, "फॉर्म भरणारे लई हायेत. फोन लावणारा एकबी न्हाई."

दुसऱ्याचं कशाला, माझ्या घरातलंच सांगतो. निर्मला, माझी बायको, रोजची पूजा झाली की दक्षिणेकडे तोंड करून त्या अनोळखी माणसाला हात जोडायची. पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांचा विषय काढला की तिचं उत्तर ठरलेलं.

"तुमचा डोळा ज्यानं दिला त्याचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही. पण मला मातीत बसवतील तेव्हा डाव्या हातावर लिंग ठेवतील ना? त्याच्याकडे बघायला मला डोळे नकोत का?"

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात, आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मी स्वतः रोज सकाळी तेच लिंग हातावर घेऊन न्याहाळतो, अर्धी नजर माझी आणि अर्धी परक्याची. मी तिला काय शिकवणार?

यंदा क्लबचं प्रांतिक अधिवेशन श्रीलंकेत भरणार असं पत्रक आलं. एरवी आमची अधिवेशनं नांदेडच्या एखाद्या मंगल कार्यालयात नाहीतर लातूरच्या हॉटेलात होतात, आणि तिथलं जेवण चांगलं होतं की नाही एवढंच वर्षभर लक्षात राहतं. मी पत्रक वाचून निर्मलाच्या हातात दिलं.

तिनं ते चष्मा लावून वाचलं. "चला," म्हणाली. "त्या मुलखाच्या एकदा पाया पडून येऊ."

किनाऱ्यावर

विमानाचं आणि विमानतळांचं सांगत नाही. सगळीकडे सारखेच दिवे आणि सारखेच महागडे चहा. कोलंबोपासून दक्षिणेकडे गाडी निघाली तेव्हा पहाट झाली होती. रस्त्याच्या एका अंगाला समुद्र, त्याला लागून रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला नारळ, केळी, फणस. कुठे बोटभर जमीन उघडी दिसेना. आमच्याकडे नळाला पाणी आलं की गल्लीत आरोळी होते. इथं लोकांच्या दारातल्या खड्ड्यातसुद्धा पाणी साचलेलं, त्यात कमळं, आणि कुणाचं तिकडे लक्ष नाही.

"आप्पा, ह्या लोकायला बोअर पाडायचं म्हंजे काय ते ठाऊकच नसंल," बालाजीराव मागच्या सीटवरून म्हणाले. लोह्यात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, घरची हळद आहे, आणि आवाज असा की माइक न देताच सभा चालावी. त्यांच्या घरच्या मंडळी नातीच्या बारशासाठी मागे राहिल्या होत्या, म्हणून आमच्यातच त्यांचं जेवणखाण. निर्मलानं धपाटे, शेंगाची चटणी आणि लसणाचा ठेचा एवढा बांधून घेतला होता की पिशवी त्यांनाच उचलावी लागली. "वहिनी, समद्या अधिवेशनाला पंगत देऊन राहिल्या का काय?" असं म्हणत त्यांनी वाटेतच त्यातले दोन धपाटे संपवले.

हॉटेल अगदी वाळूवर होतं. सकाळी मी आणि निर्मलानं खोलीच्या गच्चीत बसून पूजा केली. विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं. समोर लाटांचा एकसारखा आवाज. आमच्या घरी पूजेच्या वेळी मिलचा पट्टा सुरू होतो, त्याची मला सवय. पूजा झाल्यावर हात जोडायला निर्मला नेहमीसारखी दक्षिणेकडे वळली आणि थबकली.

"आता कुणीकडे तोंड करू?" तिनं विचारलं. "आपण तर तिथंच आलो."

मग तिनं उभ्याउभ्या चारी दिशांना नमस्कार केला.

पहिल्याच न्याहारीला फजिती झाली. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या होत्या, त्यांना ते किरीबत म्हणतात. सोबत ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. निर्मलाला ती चटणी फार आवडली. "आपल्या खोबऱ्याच्या चटणीसारखी आहे, पण हिला काहीतरी वेगळाच खमंगपणा आहे," असं म्हणत तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली. कृती विचारावी म्हणून मी वाढणाऱ्या वयस्कर गृहस्थांना बोलावलं. त्यांनी आनंदानं सांगितलं: खोबरं, मिरची, कांदा, लिंबू आणि सुकवलेल्या माशाचा चुरा.

मला ते मराठीत सांगायची गरज पडली नाही. 'फिश' तिला कळलं होतं. ती उठली, चूळ भरली आणि खोलीवर निघून गेली. बालाजीरावांचा हात ताटातच थांबला. मी मागोमाग गेलो तर ती डोक्यावरून अंघोळ करून, पुन्हा विभूती लावून बसली होती. मला वाटलं, आता ही उरलेले दिवस धपाट्यांवर काढणार.

"काय म्हणालीस शिवाला?" मी भीतभीत विचारलं.

"म्हटलं, मला माहीत नव्हतं हे तुला माहीत आहे," ती म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "चटणी मात्र खरंच चांगली होती."

त्यांची भाषा कानावर पडली की मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघे. भाताला 'बत', गावाला 'गम', आणि थोरल्या बहिणीला चक्क 'अक्का', आमच्याकडच्यासारखंच. 'फार आभारी आहे' याला ते 'बोहोम स्तूती' म्हणतात. निर्मलाला ते इतकं आवडलं की दार उघडणाऱ्यापासून शहाळं सोलणाऱ्यापर्यंत ती सगळ्यांची स्तुती करत सुटली. तिथली शहाळी केशरी रंगाची असतात, आणि पाणी पिऊन झाल्यावर ते लोक त्याचाच टवका काढून चमचा करून देतात.

अधिवेशन

अधिवेशन कुठंही भरो, ते आपल्याच वळणावर जातं, हे मला त्या दिवशी कळलं. सुरुवात मात्र थाटात झाली. कमरेला पांढरी वस्त्रं आणि लाल पट्टे बांधलेले ढोलवादक पुढे, मागून प्रत्येक क्लबचा फलक. लोह्याचा फलक बालाजीरावांनी असा उंच धरला की छताचा पंखा थोडक्यात वाचला. पुरुषभर उंच पितळी समई पेटवली. आमच्या समईवर मोर किंवा हंस असतो, त्यांच्या समईवर कोंबडा होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते थेट नांदेडचं. सत्कार. याचा सत्कार, त्याचा सत्कार, सत्कार करणाऱ्याचा सत्कार. शाली आमच्याच लोकांनी भारतातून नेलेल्या. त्या दमट हवेत शाल पांघरून बसलेले पाहुणे घामानं निथळत होते आणि पुन्हा पुन्हा हात जोडत होते. आमच्या नेत्रदानाच्या कामावर बोलायला मला थोडा वेळ दिलेला होता. पुतण्यानं इंग्रजीत छान भाषण लिहून दिलं होतं, खोलीत आरशासमोर मी ते घोकलं होतं. पण माझी पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ होऊन गेली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझं नाव पुकारलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "कृपया अगदी थोडक्यात."

मी व्यासपीठावर गेलो. समोर सगळे घड्याळं बघत होते. मागचा दरवाजा उघडला होता आणि जेवणाचा वास आत येत होता. मी कागद घडी करून खिशात ठेवला. इंग्रजीत म्हणालो, "मी भारतातल्या उदगीर गावचा. माझा डावा डोळा तुमच्या देशाचा आहे. तो देणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांनाच सांगतो, बोहोम स्तूती."

एवढं बोलून खाली उतरलो. मग डाव्या बाजूला बसलेले सगळे श्रीलंकेचे लोक उभे राहिले. टाळ्या नाहीत. नुसते हात जोडून उभे. बालाजीराव नंतर म्हणाले, "आप्पा, आजवरच्या अधिवेशनातलं हे सगळ्यात बारकं भाषण. आन् ऐकून माझाच डोळा गळून राहिला."

जेवणाच्या रांगेत एक पांढरी साडी नेसलेल्या बाई माझ्याजवळ आल्या. साठीच्या पुढच्या, केसांचा घट्ट अंबाडा. नाव कुसुमा. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि गॉल शहराच्या अलीकडच्या एका गावातल्या क्लबच्या सदस्य. त्यांनी विचारलं, "मी बघू का?"

मी चष्मा काढला. त्या जवळ आल्या आणि माझ्या डोळ्यात बघत राहिल्या. रांग पुढे सरकली, लोक आम्हाला वळसा घालून जाऊ लागले.

"माझ्या यजमानांचे डोळे गेल्या वर्षी दिले," त्या म्हणाल्या. "एक इथंच कुणाला तरी बसवला, एक परदेशी गेला, एवढंच आम्हाला सांगितलं. तुमचं ऑपरेशन केव्हा झालं?"

मी सांगितलं. माझं ऑपरेशन त्याच्या कितीतरी आधीचं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा आली असेल तर ती मला दिसली नाही.

"मग हा त्यांचा नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांचाही कुणाच्या तरी चष्म्यामागे असाच असेल. परवा त्यांचं वर्षाचं दान आहे. भिक्षू जेवायला येतील. तुम्ही दोघं याल का?"

निर्मला शेजारीच उभी होती. मी तिला मराठीत सांगू लागलो, तर ती मध्येच म्हणाली, "हो म्हणा आधी. मग सांगा."

त्या संध्याकाळची मेजवानी मात्र फसली, निदान बालाजीरावांच्या लेखी. तो दिवस पौर्णिमेचा निघाला. त्या देशात दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारू मिळत नाही. प्रांतभरातून आलेली मंडळी हातात संत्र्याचा रस घेऊन उभी. "एवढ्या लांब येऊन उपास घडला," बालाजीराव म्हणाले. "घरी कळालं तर देवाला नारळ फोडतील."

कुसुमाअक्कांच्या घरी

ठरलेल्या दिवशी बाकीची मंडळी हत्ती बघायला गेली. बालाजीराव आमच्याबरोबर आले. "हत्ती काय, हितंबी हाय आन् तितंबी हाय. तुमच्या डोळ्याचं माहेर पुन्हा कुठं बघाया मिळणार?"

घर साधं, कौलारू, अंगण झाडून पाणी मारलेलं. गावातले लोक पांढऱ्या कपड्यांत आलेले. भिंतीवर कुसुमाअक्कांच्या यजमानांचा फोटो, रेल्वे गार्डच्या पोशाखातला. किनाऱ्यानं जी गाडी जाते तिच्यावरच त्यांची सगळी नोकरी झाली. घरावरून जाताना ते हिरवा झेंडा जरा जास्त वेळ हलवायचे, असं अक्कांनी सांगितलं.

भिक्षू आले, आणि दारातच घरच्या माणसांनी त्यांचे पाय धुतले, कोरड्या पंच्यानं पुसले. निर्मलानं माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे जंगम, म्हणजे आमचे गुरू, जेवायला येतात तेव्हा आम्ही हेच करतो, अगदी याच क्रमानं. आतापर्यंत ती पाहुण्यासारखी कडेला उभी होती. भिक्षू आत बसले तसा तिनं पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघराकडे गेली. थोड्या वेळानं बघतो तर ती तिथल्या बायकांच्या रांगेत उभी राहून भाताचं पातेलं पुढे सरकवत होती.

भिक्षूंच्या पानात माशाचं कालवणही वाढलं जात होतं. ते बघून मात्र तिचे डोळे मोठे झाले. साधू मासे खातात हे तिला पचेना. नंतर आमची जेवणं झाली तेव्हा कुसुमाअक्कांनी तिच्यापुढे एक झाकलेली वाटी आणून ठेवली. "ही तुमच्यासाठी वेगळी केली. यात मासा नाही." तीच लाल चटणी. बालाजीरावांनी न्याहारीच्या फजितीची गोष्ट भर अधिवेशनात मोठ्यानं सांगितली होती, ती अक्कांच्या कानावर गेली होती. निर्मलानं वाटी कपाळाला लावली आणि मग जेवली. बालाजीराव माशाच्या कालवणाला न्याय देत होते. शेवटी म्हशीचं मातीच्या भांड्यातलं दही आलं आणि त्यावर ताडाच्या जातीच्या झाडाचा काकवीसारखा पाक. दही-काकवी आम्हीही खातो, पण ते दही सुरीनं कापावं असं होतं.

आमच्या जेवणाच्या आधीचा एक विधी सांगायचा राहिला. मंत्र चालू असताना घरच्या सगळ्यांनी मिळून एक तांब्या धरला आणि ताटलीत ठेवलेल्या पेल्यात पाण्याची धार सोडली. पेला भरला, भरून वाहू लागला, तरी धार चालू. जे पुण्य मिळालं ते गेलेल्या माणसाकडे असं भरून वाहत जावं, असा त्याचा अर्थ. तांब्याला हात पुरत नव्हता त्यांनी पुढच्याच्या खांद्याला हात लावला होता. कुसुमाअक्कांनी मागे वळून मला खूण केली. मी पुढे झालो, आणि त्यांनी माझा हात तांब्यालाच लावून घेतला, त्यांच्या मुलाच्या हाताशेजारी. माझ्या मागून निर्मलानं माझ्या खांद्याला हात लावला, आणि तिच्या शेजारून बालाजीरावांनी माझ्या दुसऱ्या खांद्याला.

मग अक्कांनी सगळ्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि लोक एकेक करून माझ्यापाशी आले. मी चष्मा काढून हातात धरला होता. कुणी नुसतं बघून हसलं, कुणी हात जोडले. एका म्हाताऱ्या मावशींनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नीट तपासलं आणि समाधानानं मान डोलावली, जणू पाठवलेली वस्तू नीट पोचली ना हे बघावं. माझ्या दोन्ही डोळ्यांना पाणी आलं.

"आमच्या गावात हे काही मोठं काम नाही," कुसुमाअक्का मला म्हणाल्या. "माणूस गेलं की शेजारी येतात आणि पहिल्यांदा विचारतात, फोन केला का?"

मी बालाजीरावांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

निघायच्या आधी निर्मला आणि अक्का मागच्या अंगणात फणसाखाली उभ्या असलेल्या मला दिसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि दोघी बोलत होत्या. निर्मलानं घरातल्या फोटोकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे, मग चेहऱ्यावरून हात फिरवला आणि हात हवेत तसाच ठेवला, विचारल्यासारखा. अक्कांना कळलं. त्यांनी स्वतःचे डोळे मिटले, निर्मलाचा हात धरला आणि तिची बोटं आपल्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी दारातून मागे झालो.

गाडीत बसल्यावर निर्मला समुद्राकडे बघत होती. मग आपणहून म्हणाली, "चेहरा कसा दिसत होता ते विचारलं मी. खड्डे पडतात का, भेसूर दिसतं का. त्या म्हणाल्या, झोपल्यासारखा. पापण्या त्यांनी स्वतः हातानं मिटल्या होत्या."

"मला विचारलं असतंस तर मी इंग्रजीत नीट विचारून दिलं असतं," मी म्हणालो.

"ते तुम्हाला विचारायचं नव्हतं," ती म्हणाली.

उदगीर

घरी आल्यावर आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला चहाची पुडी आणि दालचिनी वाटण्यात गेले. क्लबात मी फोटो दाखवले. निर्मलानं नेत्रदानाचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

मग एका सकाळी मी मिलमध्ये होतो तेव्हा तिचा फोन आला. एरवी ती फोनवर आधी जेवणाचं विचारते.

"महालिंगअण्णा गेले," ती म्हणाली. आमच्याच गल्लीत राहायचे, पत्र्याच्या पेट्या करायचे. गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात त्यांची पेटी गेली आहे. "मी त्यांच्याच घरी आहे. लातूरच्या नेत्रपेढीला फोन लावा. डॉक्टरांना म्हणावं, लगेच निघा."

"घरच्यांनी हो म्हटलं?"

"गौराअक्का हो म्हणाल्या. तुम्ही लावा आधी."

मी फोन लावला आणि धावत गेलो. महालिंगअण्णांच्या घरी बायका जमल्या होत्या. त्यांची बायको, गौराअक्का, भिंतीला टेकून बसलेली, आणि तिला लागून निर्मला. एक नातेवाईक बाई तावातावानं म्हणत होती, "हातावर लिंग ठिवल्यावर त्याच्याकडं बघतील कशानं? आगं, असं करतेत का कुठं?"

माझ्या घरातला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी दारातच थांबलो. निर्मलानं आवाज चढवला नाही.

"मावशी, मातीत बसवताना डोळे मिटलेलेच असतात," ती म्हणाली. "तुमचे असोत, माझे असोत. माझ्या वडलांचेही मिटलेले होते, मी बघितलंय. लिंग हातावर असतं, ते हाताला कळतं. आणि चेहरा बिघडत नाही. मी ज्यांच्या घरी हे झालं त्यांना विचारून आलेय."

गौराअक्कानं तिचा हात धरून ठेवला होता. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "हिचा नवरा बघून ऱ्हायलाय की. येऊ द्या डॉक्टरला."

लातूरहून डॉक्टर आले. दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळानं उघडलं. पहिल्यांदा निर्मला आत गेली. मग बाहेर येऊन तिनं गौराअक्काला उठवलं, दंडाला धरून आत नेलं. आतून एक मोठा हुंदका ऐकू आला. निर्मला नंतर म्हणाली की अक्का घाबरून रडली नाही. अण्णांचा चेहरा तसाच आहे हे बघून रडली.

दुपारी अण्णांना अंघोळ घालून, विभूतीचे पट्टे ओढून, फुलांनी सजवून बसवलं. गल्लीतून वाजतगाजत नेलं. डाव्या हातावर लिंग ठेवलं आणि माती दिली.

काही दिवसांनी लातूरहून मला फोन आला. दोन्ही डोळे दोघांना बसवले, दोघांनाही दिसतंय. मी आणि निर्मला संध्याकाळी ते सांगायला गौराअक्काकडे गेलो. ती अंगणात बसून शेवया मोडत होती. बातमी ऐकून तिचे हात थांबले.

"कुठल्या गावचे हायेत?"

"ते सांगत नाहीत, अक्का," मी म्हणालो. "त्यांनाही आपलं नाव सांगत नाहीत."

समोरच्या छपरात अण्णांची हातोडी, कात्री, अर्धी ठोकलेली एक पेटी तशीच होती.

"बरंच हाय," ती म्हणाली. "न्हाई तर मी रोज तितं जाऊन बसले असते."

आणि निर्मलासाठी तिनं बाजूची घोंगडी सरकवून जागा केली.